शिरूर आणि दौंड परिसरातील नदीजल गुणवत्ता व सांडपाणी प्रक्रिया

शिरूर आणि दौंड ही महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची मुख्यालये असून ती अनुक्रमे घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी वसलेली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शिरूरची लोकसंख्या सुमारे ३७ हजार, तर दौंडची सुमारे ४९ हजार होती. दोन्ही शहरांचे सांडपाणी उतारानुसार अखेर नदीकडेच जाते. ही नदी पुढे उजनी जलाशयास मिळते आणि सोलापूर जिल्ह्यातील अनेक गावांची तहान भागवते. लहान नदीकाठच्या शहरांना सांडपाण्यावर प्रक्रिया करणे महानगरांपेक्षा काही बाबतींत सोपे आणि काही बाबतींत बरेच अवघड जाते. प्रस्तुत लेखात या परिसराच्या संदर्भात त्या अडचणींची, त्यांमागील कारणांची आणि उपलब्ध उपायांची माहिती दिली आहे.

नद्यांची रचना

भीमा नदी भीमाशंकर येथे सह्याद्रीत उगम पावते आणि सुमारे ८६१ किलोमीटरचा प्रवास करून कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेस मिळते. पुणे जिल्ह्यात तिला अनेक उपनद्या मिळतात. तुळापूर येथे इंद्रायणी मिळते. शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस आणि दौंड तालुक्यातील वाळकी यांच्या दरम्यान मुळा-मुठेचा संगम आहे. शिक्रापूरकडून येणारी वेळ नदीही भीमेतच विसर्जित होते. घोड नदी आंबेगाव तालुक्याच्या डोंगराळ भागातून निघते, शिरूर तालुक्यात कुकडीला सोबत घेते आणि दौंडच्या वरच्या अंगाला श्रीगोंदा तालुक्यातील सांगवी दुमाला परिसरात भीमेस मिळते. शिरूर शहराला जुनी माणसे आजही ‘घोडनदी’ म्हणतात. नदीचेच नाव गावाला लागावे इतका हा संबंध घट्ट आहे.

या रचनेमुळे दोन्ही शहरांची स्थिती एकसारखी राहत नाही. शिरूरच्या वर घोड व कुकडी खोऱ्यात घोडेगाव, मंचर, जुन्नर अशी मध्यम आकाराची गावे आहेत. मोठे महानगर नाही. त्यामुळे शिरूरजवळच्या पाण्याच्या प्रतीवर या गावांच्या आणि खुद्द शिरूरच्या सांडपाण्याचा परिणाम तुलनेने स्पष्ट उमटतो. शहराच्या खालच्या अंगाला चिंचणी येथे घोड धरण आहे. शिरूरमधून नदीत जाणारे सांडपाणी प्रथम या जलाशयात साचते आणि मग श्रीगोंदा व कर्जतच्या कालव्यांत किंवा पुढे नदीपात्रात जाते.

दौंडचे चित्र वेगळे आहे. मुळा-मुठा पुणे शहराचे आणि पवना व इंद्रायणी पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन येतात, आणि दौंडपर्यंत पोहोचेतो हे सर्व प्रवाह भीमेत एकत्र झालेले असतात. २०११ मध्ये या दोन महानगरांची एकत्रित लोकसंख्या साधारण ४८ लाख ५० हजार होती. शिरूर आणि दौंड यांच्या बेरजेच्या ती सुमारे ५६ पट भरते. दौंडच्या पुलाखालून वाहणाऱ्या पाण्यात दौंडकरांचा वाटा किती, हा प्रश्न स्थानिक चर्चेत वारंवार येतो तो यामुळेच.

दोन्ही नद्या काही अंतरापर्यंत जिल्ह्यांची सीमाही आहेत. शिरूरसमोर आणि दौंडसमोर नदीच्या पलीकडचा काठ अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात मोडतो. एकाच डोहात दोन काठांवरून पाणी येते, परंतु तक्रार कोणत्या जिल्हाधिकारी कार्यालयात करावी याचे उत्तर काठागणिक बदलते.

उन्हाळ्यातील नदी

पावसाळ्यात भीमा दुथडी भरून वाहते. त्या दिवसांत ‘दौंड येथून उजनीत येणारा विसर्ग’ हा आकडा सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी रोज पाहत असतो. जून ते ऑक्टोबरच्या या प्रवाहात सांडपाणी मोठ्या प्रमाणावर विरळ होते. खरी समस्या नोव्हेंबरनंतर सुरू होते.

खोऱ्याच्या वरच्या भागातील पाऊस धरणांत अडवला जातो. घोडेवर डिंभे, भीमेवर चासकमान, भामेवर भामा आसखेड आणि मुठा खोऱ्यात खडकवासला साखळीतील धरणे आहेत. या धरणांचे स्वच्छ पाणी मुख्यतः कालव्यांनी शेतीकडे व नळांनी शहरांकडे जाते. नदीपात्रात आवर्तनाच्या काळाखेरीज ताजे पाणी फारसे सोडले जात नाही. शहरांचे सांडपाणी मात्र वर्षाचे बाराही महिने नदीत येतच राहते. परिणामी, एके काळी उन्हाळ्यात आटणारी मुळा-मुठा आणि तिच्या संगमाखालची भीमा आता मे महिन्यातही वाहताना दिसते. हे वाहणारे पाणी मोठ्या अंशी महानगरांनी वापरून सोडलेले असते. बारमाही नदी हे सामान्यतः समृद्धीचे लक्षण समजले जाते. येथे त्याचा अर्थ तपासून घ्यावा लागतो.

नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपताच त्यांचे ढापे टाकून पाणी अडवले जाते, आणि शेतकऱ्यांच्या उपसा योजना त्यावरच चालतात. अडवलेल्या पाण्याचा वेग मंदावतो, घन पदार्थ तळाशी बसतात आणि पाण्यात हवेतील प्राणवायू मिसळण्याचे प्रमाण घटते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे खाद्य असल्याने संथ डोहांवर तिची हिरवी चादर पसरते. त्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, आणि मेलेली जलपर्णी कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते. बंधाऱ्याचे ढापे एकदम काढल्यावर खालच्या डोहात मासे मरून तरंगू लागण्यामागे बहुधा हेच कारण असते: प्राणवायू नसलेले तळाचे पाणी व गाळ एकाच वेळी खाली लोटला जातो.

तापमानाचाही यात वाटा आहे. २० अंश सेल्सियसला शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तेच प्रमाण साडेसात मिलिग्रॅमवर येते. याउलट, जिवाणूंची भूक उष्णतेबरोबर वाढते. म्हणजे ज्या महिन्यांत नदीला प्राणवायूची सर्वाधिक गरज असते त्याच महिन्यांत तो सर्वांत कमी असतो.

प्रदूषणाचे मोजमाप

पाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्यासाठी जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजेच बीओडी, हे परिमाण सर्वाधिक वापरले जाते. पाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाऊन संपवण्यासाठी जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, हे त्यातून कळते. घरगुती कच्च्या सांडपाण्याची बीओडी साधारणतः लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. स्नानासाठी योग्य नदीत ती ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. दुसरे महत्त्वाचे परिमाण म्हणजे विष्ठाजन्य कॉलिफॉर्म जिवाणूंची संख्या. हे जिवाणू स्वतः बहुतांशी निरुपद्रवी असतात. त्यांचे अस्तित्व विष्ठा पाण्यात मिसळल्याची साक्ष देते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राष्ट्रीय जल गुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रमांतर्गत नद्यांचे नमुने तपासते. भीमेवरील पारगाव व दौंड आणि घोडेवरील शिरूर ही त्यातील स्थानके आहेत. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी तयार केली. त्यातील ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रात होते, आणि ही संख्या देशात सर्वाधिक होती. भीमा, घोड, वेळ, मुळा, मुठा, मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी या पुणे जिल्ह्यातील नद्या त्या यादीत समाविष्ट होत्या. पट्ट्यांची प्रतवारी बीओडीवरून केली जाते: ३० मिलिग्रॅमहून अधिक असल्यास पहिला प्राधान्यक्रम, आणि ३ ते ६ मिलिग्रॅम असल्यास पाचवा. या यादीनंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार राज्यांना नदी पुनरुज्जीवन समित्या नेमाव्या लागल्या.

महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यावर फार विसंबून राहता येत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. नमुना आवर्तनाच्या दिवशी घेतला तर नदी चांगली दिसते, आणि आठवडाभराने घेतला तर तीच नदी वाईट दिसते. वार्षिक सरासरीत हा फरक पुसला जातो, जरी काठावरील गावाला भोगावा लागतो तो सर्वांत वाईट आठवडाच.

विरलनाचा हिशेब

‘एवढ्या मोठ्या नदीत एवढ्याशा गावाचे पाणी गेले तर काय बिघडते?’ असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर साध्या गणिताने काढता येते.

भुयारी गटार असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा गृहीत धरण्याची पद्धत आहे. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. या मापाने २०११ च्या लोकसंख्येवर शिरूरचे सांडपाणी रोज सुमारे ४० लाख लिटर आणि दौंडचे सुमारे ५३ लाख लिटर होते. हे अंदाजित आकडे आहेत. आजची लोकसंख्या आणि प्रत्यक्ष पाणीवापर यांनुसार ते बदलतील. दौंडचे ५३ लाख लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लिटर.

या पाण्याची बीओडी २५० मिलिग्रॅम आणि नदीतील स्वच्छ पाण्याची १ मिलिग्रॅम धरली, तर मिश्रणाची बीओडी ३ वर आणण्यासाठी सांडपाण्याच्या सुमारे १२४ पट स्वच्छ पाणी लागते. दौंडपुरते ते सेकंदाला साडेसात हजार लिटरहून अधिक, म्हणजेच सुमारे २७० क्युसेक होते. शिरूरसाठी हाच आकडा २०० क्युसेकच्या आसपास येतो. उन्हाळ्यात पात्रात इतके स्वच्छ पाणी सतत सोडणे कोणत्याही धरण व्यवस्थापनाला शक्य नाही.

आता हेच सांडपाणी प्रक्रिया करून ३० मिलिग्रॅमवर आणले, तर दौंडसाठी सुमारे ३० क्युसेक पुरतात. १० मिलिग्रॅमवर आणल्यास ८ क्युसेकहून कमी पाणी पुरे होते. प्रक्रियेच्या शेवटच्या टप्प्यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया धरणातील पाणी कसे वाचवतो, ते या आकड्यांवरून लक्षात येते.

जिवाणूंच्या बाबतीत विरलनाचा आधार याहून तोकडा ठरतो. कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कॉलिफॉर्म दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत असू शकतात, तर स्नानाच्या पाण्यासाठी कमाल मर्यादा २,५०० आहे. एक कोटीवरून तेथवर येण्यास चार हजार पट विरलन लागेल. दौंडच्या वाट्याची घाण महानगराच्या तुलनेत नगण्य आहे, हा युक्तिवाद याच ठिकाणी लंगडा पडतो. पुण्याहून निघालेले अनेक रोगजंतू सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या प्रवासात उन्हाने, काळाने आणि इतर सूक्ष्मजीवांमुळे नष्ट होतात. गावातल्या नाल्यातून आलेले जंतू मात्र खालच्या वस्तीच्या पाणवठ्यावर काही तासांत ताजे पोहोचतात. पुण्याने आपले काम केले पाहिजे यात शंका नाही. त्यामुळे दौंडचे काम कमी होत नाही, इतकेच.

सेप्टिक टाकी आणि उघडी गटारे

नागरी महाराष्ट्र ऑक्टोबर २०१७ मध्ये हागणदारीमुक्त घोषित झाला. घरोघरी शौचालये बांधली गेली, आणि लहान शहरांत त्यातील बहुसंख्य सेप्टिक टाक्यांना जोडलेली आहेत. सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो व हवेविना अंशतः कुजतो; वरचे पाणी बाहेर जाते. हे बाहेर जाणारे पाणी निवळलेले दिसले तरी शुद्ध नसते. त्यातील बीओडी साधारण निम्म्यानेच कमी झालेली असते आणि जंतू भरपूर असतात. ते शोषखड्ड्यात मुरावे अशी मूळ रचना आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते रस्त्याकडेच्या गटारात सोडलेले असते, तेथून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते.

याला केवळ निष्काळजीपणा कारणीभूत नाही. भीमा-घोड खोऱ्याच्या काठांवर खोल काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि तिच्यातील पाणी मुरण्याचा मार्ग बंद होतो; खाली बेसॉल्टचा कातळ असतो. कोकणातील जांभ्यात किंवा वाळूच्या जमिनीत चालणारा शोषखड्डा येथे दोन पावसाळ्यांत तुंबू शकतो. तुंबलेला खड्डा पाहून घरमालक नळी गटारात जोडतो. शिवाय गावठाणात घरे भिंतीला भिंत लावून असल्यामुळे खड्ड्यासाठी जागाच नसते.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसली जावी, असा संकेत आहे. लोक ती भरून वाहू लागल्यावरच उपसतात. तोवर तळाचा गाळ इतका चढलेला असतो की टाकी नुसती नळीसारखी काम करते: आत आलेला मैला तसाच बाहेर जातो. उपसलेला मैलागाळ टँकरने कोठे नेऊन ओतला जातो, हा त्यापुढचा प्रश्न. कच्च्या सांडपाण्यापेक्षा तो अनेक पटींनी दाट असल्याने एक टँकर ओढ्यात रिकामा झाला, तरी शेकडो घरांच्या दिवसभराच्या सांडपाण्याएवढी घाण एका क्षणी पाण्यात जाते. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे हा २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हा आहे. तरीही अरुंद बोळात टँकर पोहोचत नाही तेथे हा धोका उरतोच.

प्रक्रिया केंद्र कसे चालते

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात प्रथम जाळ्यांनी प्लास्टिक, चिंध्या इत्यादी अडवले जाते, नंतर वाळू व जड कण बसवले जातात. पुढचा टप्पा जैविक असतो: टाकीत हवा सोडून जिवाणूंची वाढ केली जाते आणि ते विरघळलेली सेंद्रिय घाण खातात. हे जिवाणू गाळाच्या रूपाने खाली बसतात आणि वरचे निवळलेले पाणी क्लोरीन किंवा अन्य मार्गाने निर्जंतुक करून सोडले जाते. नदी जे काम अनेक किलोमीटरच्या प्रवासात करते, तेच येथे काही तासांत उरकले जाते. निर्जंतुकीकरणाची पायरी गाळली तर बीओडी उत्तम असूनही पाणी रोगकारक राहू शकते.

लहान शहरांपुढील तांत्रिक अडचणी आकारातूनच निर्माण होतात. महानगरात दिवसभर काही ना काही पाणी येतच असते. लहान गावात सकाळी नळ आले की दोन-तीन तास लोंढा येतो आणि दुपारी गटार जवळजवळ कोरडे पडते. म्हणूनच आराखड्यात २० ते ५० हजार लोकवस्तीसाठी सरासरीच्या अडीच पट कमाल प्रवाह धरला जातो. साडेसात लाखांवरील शहरात दुप्पट धरला तरी चालतो. वाहिनीत घाण बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग हवा असतो. सुरुवातीला मोजकीच घरे जोडली गेली तर तो मिळत नाही आणि नव्या वाहिन्या वापरापूर्वीच गाळाने भरतात. घरजोडणी हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मुख्य वाहिनी शासनाच्या अनुदानातून होते; घरापासून वाहिनीपर्यंतचे काही मीटर मात्र घरमालकाच्या खिशातून, आणि तेही टाकी ‘चालत असताना’.

हवा सोडणाऱ्या यंत्रणेला दहा लाख लिटर पाण्यामागे ढोबळमानाने दीडशे ते दोनशे युनिट वीज लागते. दौंडच्या आकाराच्या शहराला म्हणजे रोज आठशे ते हजार युनिट. वीज काही तासांहून अधिक काळ गेली तर टाकीतील जिवाणू गुदमरून मरतात, आणि त्यांची वसाहत पुन्हा उभी राहण्यास अनेक दिवस जातात. विजेविना चालणारी स्थिरीकरण तळी हा जुना पर्याय असला, तरी त्यांना दहा लाख लिटरमागे साधारण एक हेक्टर किंवा अधिक जमीन लागते. नदीकाठची बागायती जमीन त्यासाठी मिळणे कठीण आहे, आणि पूररेषेच्या आत केंद्र बांधणे धोक्याचे.

पैसा आणि मनुष्यबळ

केंद्र उभारण्यास अनुदान मिळते. ते चालवण्याचा खर्च मात्र दरवर्षी नगरपरिषदेने करायचा असतो. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी हे तिचे मुख्य उत्पन्न. त्यात वीजबिल, रसायने, पंपांची दुरुस्ती आणि प्रशिक्षित चालक यांचा भार पडतो. प्रयोगशाळेत बीओडीची चाचणी करण्यास पाच दिवस लागतात (महाराष्ट्रात २७ अंशांवर तीन दिवसांची पद्धतही वापरली जाते). चालकाला आपली चूक कळेपर्यंत आठवडा उलटलेला असतो. त्यामुळे अनुभवी चालक रंग, वास आणि फेस पाहून निर्णय घेतो, आणि असा चालक लहान गावात टिकवून ठेवणे हे यंत्र विकत घेण्यापेक्षा अवघड असते.

केंद्रीय योजनांतही लहान शहरांची जागा उशिरा निर्माण झाली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० अभियानात पाणीपुरवठा सर्व शहरांसाठी असला, तरी मलनिस्सारणाचा भाग आधीच्या ५०० अमृत शहरांपुरता ठेवण्यात आला. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांच्या वापरलेल्या पाण्याचा विषय स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० कडे सोपवण्यात आला. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठी बंधित केला. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा यांसारख्या गावांची अडचण आणखी वेगळी आहे. औद्योगिक पट्ट्यामुळे तेथील वस्ती शहरासारखी दाट झाली, कारभार मात्र ग्रामपंचायतीच्या चौकटीतच राहिला.

पिण्याच्या पाण्यावरील परिणाम

दौंड शहराचा पाणीपुरवठा खडकवासला प्रकल्पाच्या कालव्यावर अवलंबून आहे. नदी दारात असूनही तिचे पाणी पिण्यास घेता येत नाही. काठावरील अनेक गावांना नदीलगतच्या विहिरींशिवाय पर्याय नसतो, आणि या विहिरींत नदीचेच पाणी झिरपते. सांडपाण्यातील अमोनियाचा क्लोरीनशी संयोग होतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्र संपवण्यासाठी साधारण आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होते, त्यानंतरच क्लोरीन जंतूंपर्यंत पोहोचते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नेहमीच्या मापाने टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणीत नळाच्या पाण्याला पिवळी छटा येत नाही, तेव्हा त्याच्या हलगर्जीपणापेक्षा स्रोतातील अमोनिया दोषी असण्याची शक्यता तपासावी लागते. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे.

राज्यात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे जलजन्य साथ न आलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. कार्डाचा रंग जोखीम दाखवतो. विहिरीतील नायट्रेट तो दाखवीलच असे नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम असून ते उकळून किंवा क्लोरीनने जात नाही. गावोगावी उभी राहिलेली आरओ यंत्रे आणि घरपोच येणारे पाण्याचे जार ही या अविश्वासाची बाजारातील पावती म्हणता येईल. ज्यांना जार परवडत नाही, ते नळाचेच पाणी पितात.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे आजाराचे रुग्ण आढळू लागले. पुढे जिल्ह्यातील रुग्णसंख्या दोनशेवर गेली आणि काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. महानगराच्या कडेला नुकत्याच समाविष्ट झालेल्या गावांत ही साथ केंद्रित होती. पाणी आणि गटार यांची व्यवस्था वस्तीच्या मागे पडली की काय होते, याचे ते जिल्ह्यातीलच उदाहरण होय.

औद्योगिक सांडपाणी

शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. कुरकुंभमध्ये रासायनिक उद्योग अधिक असून तेथील सांडपाणी व भूजल हा दीर्घकाळ स्थानिक वादाचा विषय राहिला आहे. रासायनिक सांडपाण्यात जिवाणूंना न पचणारे पदार्थ असतात. असे पाणी घरगुती सांडपाण्याच्या केंद्रात शिरल्यास तेथील जिवाणूच मरतात, म्हणून दोन्ही प्रवाह वेगळे ठेवणे आवश्यक असते. साखर कारखान्यांच्या हंगामात सेंद्रिय भार वाढतो. तो प्रश्न ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या गाळप काळापुरता असतो.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्यापूर्वी केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समिती प्रकरणात स्थानिक संस्थांना तीन वर्षांत सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याची बीओडी महानगरांत २० आणि इतरत्र ३० मिलिग्रॅम ठरवली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ रोजी ती सर्वांसाठी १० वर आणण्याचा आदेश दिला. वर दिलेल्या हिशेबानुसार कोरड्या नद्यांसाठी १० ची मर्यादाच शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय आहे. मात्र ज्या नगरपरिषदेला ३० गाठणे जड जाते, तिला १० चा आदेश पाठवून प्रश्न सुटत नाही.

वरच्या अंगाला पुणे शहरासाठी जपानी अर्थसाहाय्यातून ११ नवी केंद्रे, एकूण क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर, उभारण्याचा सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्याच वर्षी राज्य शासनाने भीमाशंकर ते पंढरपूर या टप्प्यासाठी ‘नमामि चंद्रभागा’ अभियान जाहीर केले व २०२२ हे उद्दिष्टवर्ष ठरवले. ते वर्ष उलटून गेले आहे.

मैलागाळ व्यवस्थापन: वाईचे उदाहरण

भुयारी गटार योजना पूर्ण होईपर्यंत लहान शहराने काय करावे, याचे एक उत्तर सातारा जिल्ह्यातील वाईने दिले. कृष्णाकाठच्या या शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ३६ हजार, म्हणजे जवळजवळ शिरूरएवढीच होती. तेथे २०१८ पासून सर्व सेप्टिक टाक्या वेळापत्रकानुसार, साधारण तीन वर्षांतून एकदा, उपसण्यास सुरुवात झाली. घरमालकाने बोलावण्याची वाट न पाहता गाडी विभागवार फिरते, आणि उपशाचे वेगळे पैसे न घेता खर्च स्वच्छता करातून भागवला जातो. गाळ रोज ७० हजार लिटर क्षमतेच्या केंद्रात नेला जातो. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही याच क्षमतेचे केंद्र उभारून तोच मार्ग धरला. या पद्धतीने टाकीबाहेर वाहणारे पाणी शुद्ध होत नाही, ते गटारातच जाते. मात्र टाक्या टाक्यांसारख्या काम करू लागतात आणि टँकर ओढ्यात रिकामे होणे थांबते. नाल्याच्या मुखाशी लहान केंद्र किंवा वनस्पतींनी भरलेली खडीची पाणथळ वाफा-रचना जोडल्यास उरलेला भार बराच उतरतो.

ग्रामीण भागात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने लोकप्रिय केलेल्या घरगुती शोषखड्ड्यांचे अनुकरण राज्यभर झाले. स्नानगृह व स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी ते उपयुक्त आहेत. शौचालयाचे पाणी त्यात सोडू नये, आणि काळ्या मातीत खड्ड्याची खोली मुरूम लागेपर्यंत न्यावी लागते.

पुनर्वापर आणि उजनी

पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढवा येथील जॅकवेलमधून उचलून जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे लोकभाषेतील ‘बेबी कालव्यात’, सोडले जाते व ते हवेली आणि दौंड तालुक्यांतील शेतीला मिळते. वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी अशा रीतीने देण्याचे ठरले होते. नत्र-स्फुरदयुक्त पाण्यावर ऊस जोमाने वाढतो, आणि खताचा खर्च वाचतो, हे शेतकरी जाणतात. सतत अशा पाण्याने जमिनीतील क्षार वाढतात आणि विहिरींत नायट्रेट उतरते, हे काही वर्षांनी लक्षात येते. पालेभाज्या कच्च्या खाल्ल्या जात असल्याने निर्जंतुक न केलेले पाणी त्यांना देणे विशेष धोक्याचे ठरते.

दौंडच्या खाली भीमेचा प्रवाह उजनीच्या फुगवट्यात विसावतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. जिवंत साठा संपला की ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात, आणि तेव्हाही सोलापूर शहरासह अनेक गावे त्याच मृतसाठ्यावर जगतात. वर्षानुवर्षे वरून आलेला स्फुरद तळाच्या गाळात साठलेला आहे. पाणी खाली गेल्यावर तो ढवळून निघतो, पाण्यावर हिरवट शेवाळाचा थर येतो आणि जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटीचे व क्लोरीनचे प्रमाण वाढवावे लागते. भिगवण परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात ते याच उथळ, सेंद्रियदृष्ट्या समृद्ध पाण्यात. पक्ष्यांची गर्दी पाण्याच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र समजण्याची चूक पर्यटक हमखास करतात. याच जलाशयातून सोडलेले पाणी आषाढी वारीच्या वेळी पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटाशी पोहोचते, आणि तेथे लाखो वारकरी त्यात स्नान करतात.